चारशे सतराचं लोखंड

सुवटी मेघवाळ ही बाजरी संशोधन केंद्रावर रोजंदारीला लागली तेव्हा तिला वाटलं होतं, बाजरी म्हणजे बाजरी. पेरायची, कापायची, खायची. त्यात शिकायचं काय? आठवडाभरात तिला कळलं की इथे बाजरीची लग्नं लावतात, आणि तीही इतकी सोवळ्यात की खारी नाडी गावातल्या भटजीने बघत राहावं. कोणतं कणीस कोणाच्या गळ्यात बांधायचं ते साहेब वहीत लिहायचे. बांधायचं काम बायकांचं. कणीस पानांच्या पोटरीतून डोकावलं रे डोकावलं की त्यावर मेणकागदाची पिशवी चढवायची, म्हणजे परक्या ताटाचा पराग वाऱ्यावर येऊन घुसायला नको. मग रोज सकाळी पिशवी उजेडाकडे धरून बघायचं, पांढरे मऊ केस फुटले का ते.

"बाजरीत बाई आधी नटून बसते," सुवटी नव्या मुलींना सांगायची. "बाप्या तीन दिवसांनी डोळे चोळत येतो. मधल्या तीन दिवसांत आपण दुसरा नवरा आणून उभा करायचा. झालं लग्न."

मुली तोंडावर ओढणी दाबून हसायच्या. एखादी विचारायची, "आणि पहिला आला तर, काकी?"

"येऊ दे की. त्याला कोण विचारतंय?"

सुवटीचा स्वतःचा पहिला आणि एकुलता एक नवरा ऐन पस्तिशीत खाणीतल्या धुळीने छाती भरून गेला. मुलगा भेराराम मोठा होऊन मोरबीला टाइल्सच्या कारखान्यात लागला. सुवटी एकवीस वर्षं केंद्रावर राहिली ती रोजंदारीवरच. तिच्या हाताला मात्र तोड नव्हती. तिने लावलेल्या शंभर लग्नांतली अठ्ठ्याण्णव टिकायची, आणि हे मी म्हणत नाही, वहीत आहे.

डॉक्टर सहीराम गोदारा आले तेव्हा केंद्राला नवं वेड लागलं. आधी सगळे दाणा किती पडतो एवढंच बघायचे. गोदारासाहेब म्हणाले, दाण्यात लोह किती ते बघायचं. मारवाडातल्या निम्म्या बायका आणि पोरं रक्ताने फिकी. मग गोळ्या गिळवण्यापेक्षा रोजच्या भाकरीतच लोह का नसावं? कमी पाण्यावर यावी, भरपूर पिकावी आणि रक्तही भरावं, अशी बाजरी त्यांना हवी होती. माणूस मनाने चांगला होता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे त्याचा राग येईल.

लोह मोजायचं म्हटल्यावर झोडणीच्या खोलीचं देवघर झालं. नमुन्यातल्या मूठभर दाण्यांना लोखंडाचा स्पर्श झाला तर यंत्र तेही मोजतं, दाण्यातलं कोणतं आणि बाहेरचं कोणतं हे त्याला कळत नाही. म्हणून विळा बाहेर. पायातली कडी, ओढणीची पिन, केसातला आकडा, सगळं दाराशी एका डब्यात. कणसं कापडी पिशवीत घालायची, लाकडी मोगरीने हळूहळू झोडायची, बांबूच्या सुपात पाखडायची आणि वहीत नमुन्यापुढे आपली सही करायची. सुवटी सही शिकली ती या वहीसाठी.

आता चारशे सतरा. हा त्या वर्षीच्या वाफ्याचा नंबर. दुष्काळी साल होतं, पाऊस दोनदा येऊन गेला तो गेलाच. बाकीचे वाफे माना टाकून बसले आणि चारशे सतरा कंबरेएवढी, ताठ, कणसं मनगटासारखी. एकच खोड होती. तिचं तूस दाण्याला असं चिकटलेलं की मोगरीने तास तासभर बडवलं तरी मूठभर दाणा सुटायचा नाही.

नमुने न्यायची गाडी दुपारी निघणार होती. सुवटीचं उजवं मनगट सुजून वांग्यासारखं झालेलं. बाकीच्या बायका आपापलं संपवून निघून गेलेल्या. चारशे सतराच्या तीन पिशव्या तेवढ्या राहिल्या होत्या, आणि बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मागच्या पडवीत चहाचं आलं कुटायचा लोखंडी खलबत्ता होता. सुवटीने तो पुसला. तीन पिशव्या, तीनदा, पाच-पाच मिनिटं. तूस सुटलं. तिने पाखडलं, भरलं, सही केली. सुटले बाई, एवढंच तिच्या मनात आलं.

दोन महिन्यांनी आकडे आले. चांगल्या बाजरीत किलोमागे साठ, सत्तर मिलिग्रॅम लोह. चारशे सतरा एकशे अठरा.

गोदारासाहेब वाफ्यांच्या बांधावरून पोरासारखे धावत आले. तो कागद पाहूनही सुवटीला पहिल्यांदा काही सुचलं नाही, तीही टाळ्या वाजवत होती. मग कुणीतरी चहा आणला, त्यात आलं होतं, आणि तिने कप खाली ठेवला. खलबत्ता!

ती सांगायला गेली होती, खरंच गेली होती. साहेब फोनवर होते, दिल्लीतल्या वरिष्ठांशी बोलत होते. त्यांनी हाताने तिला खुर्चीत बसवलं. एकोणीस वर्षांत ती त्या खोलीत खुर्चीवर बसली नव्हती. फोनवर ते म्हणत होते, "नाही सर, लग्न लावणारी इथेच बसलीय माझ्यासमोर. सुवटीबाई. हो, हिचाच हात." फोन ठेवून त्यांनी विचारलं, "काही काम होतं?"

"नाही, साहेब. मनगटाला मलम मिळेल का?"

मलम मिळालं. त्या मलमाने मनगट बरं झालं आणि बाकीचं सगळं बिघडलं.

दुसऱ्या वर्षी सुवटीने मनाशी ठरवून टाकलं होतं. लाकडी मोगरीनेच झोडायचं, तीन तास लागले तर तीन तास. खरा आकडा येईल, साहेब जरा हिरमुसतील आणि विषय संपेल. पिशव्या समोर घेऊन ती बसलीही. तेवढ्यात कारकून दारातून ओरडला, "सुवटीबाई, पेढे काढा! पक्क्या नोकरीच्या यादीत तुमचं नाव गेलं. साहेबांनी स्वतः लिहिलंय, चारशे सतराची जन्मदात्री!" बायकांनी तिला उचललंच. पक्की नोकरी म्हणजे पेन्शन. भेराराम परत येईल, धुळीत छाती भरून घेणार नाही. आणि आकडा उतरला तर यादीतल्या नावाचं काय होणार?

सगळ्या गेल्यावर ती पडवीत गेली. पहिल्या वर्षी चूक झाली, असं मी कुणालाही छातीठोकपणे सांगेन. दुसऱ्या वर्षी मात्र तिने खलबत्ता पुसताना इकडेतिकडे पाहिलं.

एकशे सोळा आले.

मग काय, चारशे सतराचं बारसं झालं. नाव ठेवलं लाली. तिसऱ्या पेरणीला खारी नाडीतल्या चाळीस घरांना लालीचं बी वाटलं, शेतात कसं पिकतं ते पाहण्यासाठी. पंचायतीसमोर मांडव, माइक, खुर्च्या. साहेब बोलले ते कुणाला फारसं कळलं नाही. मग त्यांनी माइक सुवटीच्या हातात दिला. समोर सगळ्या ओळखीच्या बायका. सुवटी बोलायला लागली की थांबत नसे, आणि त्या दिवशी तर अंगात आल्यासारखी बोलली. शेवटी म्हणाली, "आता त्या नर्सबाईच्या लाल गोळ्या टाका विहिरीत! उलट्या करून मरायचं कशाला? लालीचा सोगरा खा, वर तूप घाला!"

बायकांनी हसून मांडव डोक्यावर घेतला. एकट्या नर्सबाईने कपाळाला हात लावला. "अगं बाजरी ती बाजरी, गोळी ती गोळी," ती म्हणत होती, पण माइक तिच्याकडे नव्हता.

लाली पिकलीही दणकून. शेजारच्या शेतांत पोतं निघालं तिथे लालीचं दीड. त्याबाबतीत कुणी कुणाला फसवलं नव्हतं. आश्विनात कापणी झाली आणि घराघरातून सोगऱ्यांचा, बाजरीच्या जाड भाकऱ्यांचा वास यायला लागला.

सुवटीची सून हस्तू तेव्हा चौथ्या महिन्यात होती. मुळातच हडकुळी, ओठ चुन्यासारखे. मारवाडातल्या कुठल्याही सुनेसारखी ती सासूसमोर ओढणी नाकापर्यंत ओढून बोलायची, म्हणून चेहरा किती उतरलाय ते सुवटीला फक्त ती झोपली की दिसायचं. गोळ्यांनी हस्तूला मळमळायचं. लालीचं पहिलं पीठ दळून आलं त्या दिवशी तिने गोळ्यांची पाकिटं कोनाड्यात सारून दिली.

"बींदणी, गोळी घेतलीस?" सुवटीने सुनेला विचारलं.

"आता कशाला, सासूजी? लाली खातेच आहे की. तुम्हीच तर आणलीत ती जगात."

"तरी घ्यावी. जास्तीचं झालं तर काय बिघडतं?"

"माइकवर वेगळं बोलता आणि घरात वेगळं!" हस्तू ओढणीआडून हसली. "दोन सोगरे जास्त खाईन, बस?"

एक शब्द काढला की धागा थेट पडवीपर्यंत जात होता. मग ती चोरवाटा शोधायला लागली. भाजी लोखंडी कढईत शिजव, गूळ खाऊ घाल, चंदनबटव्याची भाजी आण. एक दिवस तर तिने तीन गोळ्या कुटून पिठात मिसळल्या. सोगरा तपकिरी झाला, तोंडात गंजाची चव. हस्तूने दोन घास खाल्ले आणि अंगणात जाऊन सगळं ओकून टाकलं. "पिठाला काहीतरी झालंय, सासूजी," ती हाशहुश करत म्हणाली. सुवटीने उरलेला सोगरा बकरीपुढे टाकला. बकरीनेही तोंड फिरवलं.

मार्गशीर्षात हस्तू पाणी भरता भरता टाक्याच्या कडेला खाली बसली ती उठेना. नर्सबाईने बोटातून रक्त काढलं. कापणीच्या आधी हिमोग्लोबिन नऊ होतं, आता सात पूर्णांक एक.

"सातच्या खाली गेलं की जोधपूर, आणि रक्ताची बाटली चढवायची," नर्सबाई म्हणाली. "आत्ताही उशीर नाही, गोळ्या सुरू कर. ऐकतेय कोण पण? गावातल्या अकरा पोटुश्या बायांनी गोळ्या सोडल्यात. विचारलं की म्हणतात, सुवटी काकीने सांगितलंय." तिने सुवटीकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

हस्तू खाटेवरून पुटपुटली, "सात आहे ते लालीमुळे तरी आहे. नाहीतर गेलेच असते." आणि सोगरा मागितला.

दुसऱ्या दिवशी सुवटी खुर्चीत न बसता गोदारासाहेबांच्या टेबलासमोर उभी राहिली.

"साहेब, लालीत लोखंड नाही. खलबत्त्याचं आहे."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. काय, कसं, कधी, असं काही विचारलं नाही. उठले आणि दार लावून आले.

"मला वाटलंच होतं," ते म्हणाले. "दुसऱ्या वर्षी."

"वाटलं होतं?"

"जस्त वाढलं नव्हतं. बाजरीत लोह वाढलं की जस्तही जोडीने चढतं. लालीत लोह आभाळाला आणि जस्त जिथल्या तिथे. मी मनाला सांगितलं, असेल एखादी तशी. मग दोन दुसऱ्या केंद्रांवरून आकडे आले, पासष्ट आणि बासष्ट. मी लिहून कळवलं, तुमची माती वेगळी आहे."

"मग मला का नाही विचारलंत?"

"तू का नाही सांगितलंस?"

साहेबांचे केस दोन वर्षांत पिकलेले तिला पहिल्यांदाच दिसले. ते खिडकीबाहेर बघत बोलायला लागले. म्हणाले, पुढच्या आठवड्यात दिल्लीची माणसं गाव बघायला येतायत. म्हणाले, दाणा तर भरपूर देते ना, दुष्काळात उभी राहते ना, मग कुणाचं काय वाईट झालं?

"माझ्या सुनेचं," सुवटी म्हणाली. "सातवर आलीय. गोळ्या सोडून लाली खात बसलीय."

साहेबांनी डोळे मिटले. तिला वाटलं, आता हा माणूस उठेल, गाडी काढेल, गावात जाऊन सांगेल. उठले, पण कपाटाकडे. वही काढून तिच्यासमोर उघडी ठेवली. दोन्ही वर्षं, चारशे सतरा, आणि पुढे तिची वाकडीतिकडी सही.

"मी धमकी देत नाही, सुवटीबाई. फक्त दाखवतोय. उद्या कुणी विचारलं तर नाव तुझं निघेल. माझंही जाईल, पण आधी तुझं. यादी फाल्गुनात लागणार आहे." मग अगदी हळू आवाजात, तिच्याकडे न बघता म्हणाले, "या वर्षीचे नमुने अजून झोडायचे आहेत. तूच झोड. कशाने झोडायचं ते मी सांगणार नाही."

ती बाहेर आली. झोडणीच्या खोलीत बायका कडी-पिना काढून डब्यात टाकत होत्या, काहीतरी चावट बोलून खिदळत होत्या. "काकी, ये की! तुझी लाली तुझीच वाट बघत बसलीय. आमच्याने नाही सुटायची ती!" एकवीस वर्षं जिथे ती राणीसारखी वावरली, त्या खोलीचा उंबरा तिला ओलांडवेना. आत गेली तरी अडकणार आणि परत फिरली तरी. मोगरी घेतली तर आकडा पडणार, सही बोलणार. खलबत्ता घेतला तर आणखी किती गावांत किती बायका कोनाड्यात गोळ्या सारणार, कोण मोजणार? पाठ दुखतेय असं सांगून ती घरी निघाली. पाठ खरंच दुखत होती.

हस्तू चुलीपुढे होती. परातीत लालीचं पीठ, हात कोपरापर्यंत पांढरे.

"ठेव ते," सुवटी म्हणाली. "आणि ऐक." उभ्याउभ्याच तिने सगळं सांगितलं. मनगट, गाडी, खलबत्ता, खुर्ची, यादी, दुसरं वर्ष. दुसरं वर्ष सांगताना तिचा आवाज चिरकला, पण तिने तेही सांगितलं.

हस्तूने पिठाचे हात झटकले. मग लग्नानंतर पाच वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. ओढणी मागे सारली आणि सासूच्या डोळ्यांत डोळे घालून पाहिलं. इतका फिकट चेहरा सुवटीने दिवसाउजेडी पाहिला नव्हता.

"मी ओकले त्या दिवशी पिठात काय होतं?"

"गोळ्या."

"म्हणजे बकरीला सांगितलंत, मला नाही." तिने कोनाड्यातून पाकीट ओढलं, गोळी तोंडात टाकली आणि पाण्याशिवायच गिळली. ओकारी दाबून ती म्हणाली, "मला सांगून झालं. बाकीच्या दहा जणींचं काय? त्यांच्या सासवा केंद्रावर नाहीत. तुम्हालाच जायला हवं."

"नोकरी जाईल, बींदणी. भेरा मोरबीतच राहील."

"राहील," हस्तू म्हणाली. एवढंच. आणि तिने ओढणी पुन्हा खाली ओढून घेतली.

सुवटी बाहेर पडली. पहिलं घर गवरांचं. गवरां म्हणजे तिची तरुणपणची मैत्रीण, जिची सून पाचव्या महिन्यात होती. अंगणात सून, गवरां आणि शेजारच्या दोघी लालीची कणसं उन्हात पसरत होत्या. "या, लालीच्या आई!" गवरां ओरडली. "बघ तुझी लेक, सुटता सुटत नाही तुसातून. तुझ्यासारखीच हट्टी."

"गवरां, सुनेला गोळ्या सुरू कर. लालीत लोखंड नाही. मी खोटं बोलले."

सगळ्याजणी हसल्या. मग तिचा चेहरा बघून हसायच्या थांबल्या. सुवटीने पुन्हा सांगितलं, या खेपेला खलबत्त्यासकट. गवरांने तोंडात बोट घातलं नाही की शिव्या दिल्या नाहीत. हातातलं कणीस उलटसुलट फिरवत राहिली.

"नर्सबाईने पाठवलं का तुला?" तिने विचारलं. "का केंद्राला बी परत हवंय? चांगलं पिकलं म्हणून डोळ्यांत भरलं?"

"बी ठेव. पेर, खा, पोट भर. पण सुनेला गोळी दे. मी साहेबांशी, दिल्लीशी, सगळ्यांशी खोटं बोलले, गवरां. माइकवर तुझ्याशीही."

गवरांने कणीस खाली ठेवलं. "माइकवर तू छातीवर हात ठेवून बोलत होतीस, सुवटी. मी पुढेच बसले होते. तुझ्या शब्दावर मी माझ्या हाताने गोळ्या उकिरड्यावर टाकल्या." ती जरा थांबली. "तेव्हा खोटं बोललीस, तर आत्ता खरं बोलतेयस हे कशावरून?"

एकवीस वर्षांत बायकांसमोर तिला शब्द कमी पडला नव्हता. गवरां वाट बघत होती, तिची सून पोटावर हात ठेवून वाट बघत होती, आणि सुवटीकडे दाखवायला शब्दाशिवाय काहीही नव्हतं.